औषध म्हणून

आमची आत्या मरायला टेकली होती त्या दोन महिन्यांत आमच्या घरात जितके हसणे झाले, तितके त्याआधी कधी झाले नव्हते आणि पुढेही झाले नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आणि लिहिता लिहिता हसूही येते. दोन्ही खरे आहे, म्हणून दोन्ही लिहितो. आता माझी पन्नाशी उलटली. शनिवार पेठेत लोक मला बरा वैद्य म्हणतात. ज्या गोष्टीमुळे ते तसे म्हणू लागले, ती मी आजवर कोणाला धड सांगितलेली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, तात्यांची, थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन परत आली ती आमच्याच घरी राहिली. नवऱ्याचा चेहरा तिला आठवत नसे. "नाकाचा शेंडा तेवढा आठवतो, तोही अंतरपाटाच्या वरून दिसला म्हणून," असे ती म्हणे. तांबडे आलवण, डोईवरून पदर, दिवसातून एकदा जेवण आणि निजायला जमिनीवर घोंगडी, अशी पन्नास वर्षे तिने काढली. विडा नाही, फूल नाही, गादी नाही. जीभ मात्र तिची कोणी सोवळ्यात बांधून ठेवली नव्हती. पहाटे ती जाते दळायला बसली की ओव्यांपेक्षा शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्याच जास्त ऐकू येत, आणि त्याही जात्याच्या घरघरीच्या वरच्या पट्टीत.

तिच्या पोटात दुखू लागले, अन्न तुटले, आणि पाहता पाहता तिची काडी झाली. तात्यांनी एका सकाळी तिचे पोट तपासले, ओसरीवर येऊन हात धुतले आणि मला जवळ बोलावले. "पोटात गोळा आहे. औषधाच्या पलीकडचा," ते म्हणाले. त्यांना दुसऱ्याच दिवशी फौजेबरोबर उत्तरेकडे निघायचे होते. लष्करातले वैद्य होते ते. बहीण आजारी आहे म्हणून मोहीम थांबत नाही. त्यांनी माझ्या हातात अफूच्या गोळ्यांची डबी दिली. "दुखेल तेव्हा मुगाएवढी द्यायची. बाकी करण्यासारखं काही उरलेलं नाही. एक काम मात्र तुझं. धाकटीला सासवडहून वेळेवर बोलवायचं."

धाकटी म्हणजे तात्यांची दुसरी बहीण, ठकूआत्या. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. तिने आधीच सांगून ठेवले होते: खरेच वेळ आली की निरोप धाडा, मी नणंदेला सासूपाशी बसवून पंधरा दिवस राहायला येते, पण उगाच बोलावू नका, मला एकदाच निघता येईल. सासवड म्हणजे बैलगाडीने एका दिवसाची वाट. काम सोपे होते. मी बावीस वर्षांचा होतो, मला ग्रंथ तोंडपाठ होते आणि माणूस एकही पाठ नव्हता.

सुरुवात घोंगडीपासून झाली. आत्याची हाडे वर आली होती आणि जमिनीवर निजून निजून कमरेपाशी कातडी सोलवटली होती. माझी बायको रमा तिची कूस बदलायला गेली आणि तोंडाला पदर लावून बाहेर आली. "खाली एखादी गादी घातली तर?" तिने विचारले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्सं आणि गादीवर? लोक काय म्हणतील ते राहू दे, वन्संच काय म्हणतील ते ऐकायची तयारी आहे का तुझी?" पण आत्या काहीच म्हणाली नाही. डोळे मिटून पडून राहिली. तिने कशाला उत्तर दिले नाही असे मी पहिल्यांदाच पाहिले.

आमच्या घरात एक पद्धत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी एक खुंटी होती आणि तात्या आजाऱ्यासाठी जे लिहून देत ती चिठ्ठी तिथे टोचलेली असे. ती मोठ्याने वाचायची आणि तिच्यात असेल तसे करायचे. तिथे आई वाद घालत नसे. एकदा मला ताप असताना चिठ्ठीत भाताची पेज निघाली म्हणून तिने आषाढी एकादशीला, ओठ घट्ट मिटून, भात रांधला होता. चिठ्ठीतले ते औषध, आणि औषधापुढे सगळे नेमधर्म बाजूला सरत.

मी बोरू घेतला, कागद लिहिला, खुंटीला टोचला आणि तात्यांच्या आवाजात वाचला: "कापसाची चार बोटे जाड शय्या, एकवीस दिवस. अनुपान, उशी."

आईने हातातली पळी खाली ठेवली. "हे तात्यांनी सांगितलंय?"

"ग्रंथात आहे."

आतल्या खोलीतून आत्याचा बारीक आवाज आला. "उशी एक की दोन?"

"दोन," मी म्हणालो.

"मग घ्यायलाच हवं बाई. औषध आहे."

दुसऱ्या दिवशी पिंजारी अंगणात बसला. त्याच्या धनुकलीचा तुंई-तुंई आवाज दिवसभर घरात घुमत होता आणि कापसाचे पुंजके उडून तुळशीत, ताकात, आईच्या नाकात जात होते. दर शिंकेबरोबर आई म्हणे, "औषध!" संध्याकाळी मी आणि रमाने आत्याला उचलून गादीवर ठेवले. आत्या काही वेळ हललीच नाही. मग तिने एक हात बाजूला सरकवून गादी चाचपली, दुसऱ्या हाताने दुसरी बाजू चाचपली आणि म्हणाली, "विसू, लोक रोज असं निजतात?"

"हो."

"मग सकाळी उठतात कशाला?"

रमा आधी हसली. मग मी. मग स्वयंपाकघरात काहीतरी फिसकल्यासारखा आवाज झाला. आईची ती शिंक नव्हती.

त्यानंतर मला आवरच राहिला नाही. माझा बोरू सुटला. खोकल्यावर लवंग-कापूर घातलेला तांबूल. उष्णतेवर मोगरा, उशाशी आणि दोन कळ्या कानापाशी. डोक्याला वाळ्याचे तेल. मन उल्हसित राहावे म्हणून तिसऱ्या प्रहरी सोंगट्यांचा डाव. मोगऱ्यासाठी मी स्वतः कोथरूडच्या मळ्यात चालत जायचो आणि ओल्या फडक्यात कळ्या बांधून पळत परत यायचो, वाटेत उमलू नयेत म्हणून. चिठ्ठीला वजन यावे म्हणून मी संस्कृत वचनेही रचू लागलो. ती इतकी वाईट असत की आज आठवली तरी कान तापतात. आत्याला संस्कृत येत नव्हते, पण वचन खोटे आहे हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळे. "आजचं चांगलं जुळलं हो," ती म्हणे. "कालच्या वचनाला एक पाय कमी होता."

पहिला विडा तिने खाल्ला तो दिवस! दात नव्हते, म्हणून रमाने तो खलबत्त्यात कुटून दिला. आत्याने तो गालात धरला, डोळे मोठे केले आणि आरसा मागितला. आमच्या घरात तिने आरसा मागितल्याचे कोणाला आठवत नव्हते. लाल ओठ पाहून तिने आधी पदराने तोंड झाकले, मग एक कोपरा उघडून पुन्हा पाहिले, मग अख्खे पाहिले. त्या दिवसापासून सोंगट्यांच्या डावात ती उघड उघड लबाडी करू लागली, आणि पकडली की म्हणे, "मरणाऱ्या बाईचा हात धरतोस? पाप लागेल!"

हे शेजारी कळल्यावाचून कसे राहणार? पलीकडच्या घरातले शास्त्रीबुवा समाचाराला म्हणून आले. दारात उभे राहून त्यांनी गादी पाहिली, कळ्या पाहिल्या आणि ओठ पाहिले.

"काय हो विसूपंत, हा उपचार कोणत्या ग्रंथातला म्हणायचा?"

आत्याच उशीवरून म्हणाली, "तुमच्या वडिलांना शेवटी वाजीकरणाचा पाक चाटवत होते ना, त्याच ग्रंथातला. त्याच्या पुढचं पान."

शास्त्रीबुवा वळले ते थेट पायऱ्या उतरून गेले. आई देवासमोर बसली होती. ती जपमाळ तोंडाशी धरून गदगदत होती आणि मला वाटले रडते आहे. जवळ गेलो तर तिच्या डोळ्यांतून हसण्याचे पाणी वाहत होते. "वन्संना सांग," ती कशीबशी म्हणाली, "देवाच्या वेळी असलं काही बोलू नका म्हणावं."

कळस झाला तो भज्यांचा. हडपसरचा गेणू नावाचा शेतकरी आठवड्यातून एकदा भाजीची गाडी घेऊन पेठेत यायचा. आत्याला त्याच्या गाडीचा वास आला आणि ती म्हणाली, "विसू, कांदा कसा लागतो रे?" साठीच्या पुढच्या बाईने आयुष्यात कांदा चाखला नव्हता. मी खाली जाऊन गेणूकडे चार कांदे मागितले.

गेणूने मला वर-खाली पाहिले. "कांदं? तुमच्यात? देवा, मानूस आजारी हाय का समदं घर आजारी हाय?"

"औषध आहे."

"मंग आठ न्या. औषद कमी पडाय नगं."

आईने चूल द्यायला साफ नकार दिला. रमाने गोठ्यात तीन दगड मांडले. कढईत भजी पडली आणि तो वास भिंत ओलांडून, शास्त्रीबुवांच्या खिडकीतून, अख्ख्या आळीत पसरला. गाय दावे ताणून दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. आत्याने एक भजे घेतले, त्याच्या पाव भागाचा तुकडा तोंडात घोळवला, आणि घोषणा केली, "यांनी पन्नास वर्षं मला फसवलं." उरलेला पाऊण आणि बाकीची भजी रमा आणि मी गोठ्यातच उभ्याने संपवू लागलो. आई दाराशी येऊन म्हणाली, "आम्हाला कोणी आजारी समजत नाही वाटतं?" आणि तिने नाकाला पदर लावून, दुसऱ्या हाताने, एक उचलले.

आता जी गोष्ट मला सांगायचीच आहे ती सांगतो.

आत्याला हुशारी आली. ती उशांना टेकून बसू लागली, दोन घास जास्त खाऊ लागली, तिचा आवाज पुन्हा ओसरीपर्यंत पोचू लागला. आळीत बोलबाला झाला: तात्यांनी सोडलेली आजारी विसूने उठवली. लोक मला हाका मारून पोटे दाखवू लागले. आणि मी, ज्याने त्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने खोट्या लिहिल्या होत्या, तोच हळूहळू त्या खऱ्या मानू लागलो. मी तात्यांना पत्र धाडले की आत्याला उतार आहे. उतार! अफूची गोळी मुगाएवढी होती ती मी तोवर वाटाण्याएवढी केली होती, आणि तीही दिवसातून तीनदा लागत होती. गोळ्या मीच वळत होतो. माझ्या बोटांना ठाऊक होते. मी बोटांचे ऐकले नाही.

आत्याने पहिल्यांदा विचारले ते सोंगट्या मांडताना. "ठकूला निरोप गेला का रे?"

"अगं, आत्ताच कशाला? पावसाळा सरला की तूच गाडीत बसून सासवडला जा."

तिने माझ्याकडे पाहिले आणि सोंगटी पुढे सरकवली. आठ-दहा दिवसांनी तिने पुन्हा विचारले, आणि मी पुन्हा तसेच काहीतरी बोललो. मला ते धीर देणे वाटत होते. खरे असे होते की ठकूआत्याला बोलावणे म्हणजे आत्या जाणार हे कबूल करणे, आणि ते कबूल केले की आळीतला विसू वैद्य संपत होता. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षे लागली.

तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. एका सकाळी मी चिठ्ठी वाचत होतो, केशर-दुधाची होती, आणि तिने हात वर करून मला थांबवले. तिचा हात उन्हात पारदर्शक दिसत होता.

"विसू, इकडे बस. ही औषधं खोटी आहेत, हे मला पहिल्या उशीपासून ठाऊक आहे. मी मजेत घेतली. पण तू विसरलास रे. मी मरतेय. गादीवर, विडा खाऊन, अगदी थाटात मरतेय. पण मरतेय. माझ्या बहिणीला बोलाव."

मी खाली धावलो तो अनवाणी. गेणूची गाडी हडपसरला परत निघत होती. त्याला सगळे सांगितले. त्याने उरलेली भाजी तिथेच आमच्या ओट्यावर उतरवली आणि म्हणाला, "रातच्याला दिवेघाट चढतो. उद्या म्हातारीला घिऊन येतो. आदी का न्हाई बोललासा?"

ठकूआत्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. गोल, गोरी, घामाघूम, नथ एका बाजूला झुकलेली. दारात उभी राहून तिने गादीवरच्या आत्याला पाहिले. मला वाटले आता रडारड होणार.

"आक्का, अगं बाई, ओठ काय लाल!"

"तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस," आत्या म्हणाली. "मागणी घालील."

ती दुपार मी विसरणार नाही. ठकूआत्या गादीवरच चढून तिच्याशेजारी आडवी झाली आणि दोघी एकमेकींच्या कानात बोलू लागल्या. मधूनच खिदळत. आत्याच्या लग्नात चार वर्षांची ठकू रुखवतातले लाडू घेऊन वरातीच्या पालखीत जाऊन लपली होती; नवरी चुकून मागेच राहिली आणि पालखी मारुतीच्या देवळापर्यंत निघून गेली; सासऱ्यांनी पडदा उचलला तर आत ठकू, दोन्ही गालांत लाडू. हसून हसून आत्याला कळ आली. मी गोळी दिली. कळ ओसरल्यावर ती म्हणाली, "तुलाच ठेवून घेतलं असतं ना ठके, तर आज गोटा तू केला असतास."

मग ठकूआत्याने बहिणीच्या डोक्यावरून, त्या बिनकेसांच्या, वाळ्याच्या तेलाने चकाकणाऱ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मला शोभला नसता गं. माझं डोकं चपटं आहे." आणि दोघी पुन्हा इतक्या हसू लागल्या की आई आणि रमा दाराला धरून उभ्या राहिल्या.

मी ओसरीवर येऊन बसलो. आतून हसण्याचे लोट येत होते आणि मी बोटांवर मोजत होतो. आत्याने पहिल्यांदा विचारले तेव्हा बोलावले असते तर अशा किती दुपारी झाल्या असत्या? ठकूआत्याला पंधरा मिळणार होत्या. मी तिला एक दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आत्याचा श्वास लागला. आता जमिनीवर घ्यायला हवे, तसा शिरस्ताच आहे. आईने जागा सारवली. मग ती थांबली, गादीकडे गेली, आम्ही आत्याला हातांवर धरले असताना तिने ती गादी ओढून सारवलेल्या जमिनीवर टाकली आणि तिच्यावर दर्भ पसरले. मी तिच्याकडे पाहिले. "दर्भावरच आहेत ना वन्सं?" ती म्हणाली. "मग झालं." ठकूआत्याने बहिणीच्या तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र घातले. ऊन ओसरीवर यायच्या आत आत्या गेली.

असाध्य रोग्याकडे गेलो की आज मी नाडी धरण्याआधी विचारतो, कोणाला बोलवायचे आहे? त्यामुळे काही घरांत मला "यमाचा जासूद" म्हणतात आणि माझी सावली दिसली की पोरे आत पळतात. म्हणू देत. गादी, विडा, मोगरा हे सगळे मी आजही लिहून देतो, आणि आज बिनवचनाचे देतो. सुख द्यायला मी चुकलो नव्हतो. त्या सुखाला गुण समजलो, तिथे चुकलो.

तेरावा झाल्यावर ठकूआत्या निघाली. गेणूची गाडी दारात उभी होती आणि आळीतली दहा-वीस माणसे जमली होती. ती सगळ्यांदेखत माझ्याकडे वळली. "या पोरानं नेमकं वेळेवर बोलावलं, म्हणून भेट झाली. दादा इथं नसताना एवढं ओळखायचं आणि कळवायचं, त्याला काळीज लागतं. विसू, तुझ्या हातून कोणाची चुकामूक होणार नाही हो." शास्त्रीबुवासुद्धा मान डोलावत होते. मी बोलायला हवे होते. एक वाक्य पुरले असते. मी खाली वाकलो, तिच्या पायांवर डोके ठेवले आणि ती गाडीत चढायला वळेपर्यंत तसाच राहिलो. लोक म्हणाले, काय नम्र मुलगा आहे.

गाडी वळणाआड गेली. आई माझ्या मागेच उभी होती.

"वाकलास ते बरं केलंस," ती हळूच म्हणाली. "तोंड दिसलं नाही तिला."